प्रकाशाची वाट आणि डोळ्यांची समजूत

या सदराकडे आलेल्या पत्रांत प्रकाशाविषयीची पत्रे इतकी साठली होती की, या अंकात ती एकत्र घेणे सोयीचे वाटले. बहुतेक पत्रे पुणे शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली आहेत. त्यांतील निम्म्याअधिक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगून ठेवतो. प्रकाशकिरण वाटेत किती वेळा वळला आणि कशावर आपटून आला, हे डोळ्याला कळत नाही. तो शेवटी कोणत्या दिशेने डोळ्यात शिरला एवढेच कळते, आणि त्याच दिशेला, सरळ रेषेत, वस्तू आहे असे आपण धरून चालतो. ही समजूत बहुधा खरी ठरते. ती जिथे फसते, तिथल्या जागा वाचकांनी नेमक्या हेरल्या आहेत.

प्रश्न : संध्याकाळी आम्ही काही मंडळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचायला आठ मिनिटे लागतात. म्हणजे आम्हाला क्षितिजावर दिसणारा सूर्य आठ मिनिटांपूर्वीच मावळलेला असतो, असे एका स्नेह्यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? आणि मावळताना सूर्य चेपल्यासारखा का दिसतो? (एक निवृत्त शिक्षक, कोथरूड)

उत्तर : प्रकाशाला सूर्यापासून येथवर यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात, हे खरे. आपल्या स्नेह्यांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो इतका सर्वत्र ऐकू येतो की, त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे. सूर्यास्त होतो तो पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून. सूर्य आपल्या जागी आहे, त्याच्याकडून प्रकाशाचा ओघ अखंड चालू आहे, आणि फिरता फिरता टेकडी ज्या क्षणी त्या ओघाबाहेर पडते तो क्षण म्हणजे सूर्यास्त. त्या क्षणी टेकडीवर पोहोचलेला प्रकाश आठ मिनिटांपूर्वी निघालेला असला, तरी तो ज्या दिशेने आला त्याच दिशेला सूर्य अजूनही आहे. सूर्य एकाएकी विझला, तर ती बातमी आपल्याला आठ मिनिटे उशिरा कळेल. मावळण्याला हा हिशेब लागू पडत नाही.

तरीही आपल्याला दिसतो तो सूर्य आधीच मावळलेला असतो, हे विधान वेगळ्याच कारणाने खरे आहे. हवा जमिनीलगत दाट आणि वर विरळ असते. तिरपा येणारा किरण विरळ थरातून दाट थरात शिरताना थोडा थोडा खाली वाकतो, आणि डोळा मात्र शेवटच्या दिशेवर विश्वास ठेवून सूर्य आहे त्याहून वर असल्याचे मानतो. अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात. क्षितिजालगत हे उचलणे सुमारे ३४ कलांचे असते. सूर्यबिंबाचा व्यास साधारण ३२ कला आहे. म्हणजे बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, त्या वेळी प्रत्यक्षात अख्खे बिंब क्षितिजाखाली गेलेले असते. विषुवदिनाच्या आसपास पुण्यातून पाहता सूर्य मिनिटाला सुमारे १४ कला खाली उतरतो, तेव्हा हा उसना सूर्य आपल्याला जवळजवळ अडीच मिनिटे मिळतो. सकाळीही तेवढाच. त्यात बिंबाची वरची कड दिसणे म्हणजे उदय आणि ती नाहीशी होणे म्हणजे अस्त, ही व्याख्या मिळवली, की दिवस-रात्र समान असण्याच्या दिवशी, २१ मार्चच्या सुमारास, पुण्यातला दिवस बारा तासांपेक्षा सातएक मिनिटांनी मोठा का भरतो, हे आपोआप उलगडते.

चेपलेल्या आकाराचे कारण यातच आहे. क्षितिजाच्या जितके जवळ जावे तितके उचलणे वेगाने वाढते. त्यामुळे बिंबाची खालची कड वरच्या कडेपेक्षा पाच-सहा कला जास्त उचलली जाते आणि उभा व्यास आडव्या व्यासापेक्षा पाचव्या-सहाव्या हिश्श्याने कमी भरतो. आडव्या दिशेला असे काही घडत नाही. हे डोळ्यांनी दिसते तेवढे पुरे आहे. मावळत्या सूर्याकडेही दुर्बिणीतून पाहू नये.

प्रश्न : आमच्या भागातील जलतरण तलावाच्या भिंतीवर सहा फूट असे रंगवलेले आहे, पण वरून पाहिले तर पाणी माझ्या मुलाच्या छातीएवढेच वाटते. पाटी चुकली असेल का? (एक पालक, सिंहगड रस्ता)

उत्तर : पाटीवर विश्वास ठेवा, डोळ्यांवर नको. पाण्यातून हवेत येताना किरण बाहेरच्या बाजूला झुकतो आणि तळ वर उचलल्यासारखा दिसतो. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पोकळीतला प्रकाशाचा वेग पाण्यातल्या वेगाच्या किती पट आहे तो आकडा, सुमारे १.३३ आहे, म्हणून अगदी सरळ वरून पाहिले तरी खोली पाऊणच दिसते. सहा फुटांची साडेचार फूट. काठावर बसून तिरके पाहिले, तर ती याहूनही कमी दिसते, आणि लहान मुले नेमकी तशीच पाहतात. तेव्हा मुलाला पाण्यात सोडण्यापूर्वी भिंतीवरचा आकडा वाचावा.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर रस्त्यावर गाडी चालवताना पुढे रस्ता ओला दिसतो आणि जवळ जावे तसे पाणी पुढे सरकते. ते कधीच जवळ का येत नाही? (एक वाहनचालक, हडपसर)

उत्तर : मृगजळाचे कारण बहुतेकांना ठाऊक असते: तापलेल्या डांबरालगतची हवा वरच्या हवेपेक्षा विरळ होते, आकाशाकडून तिरपा खाली येणारा किरण त्या थरांतून जाताना हळूहळू वर वळतो आणि रस्त्याच्या दिशेने आल्यासारखा डोळ्यात शिरतो. आपल्याला रस्त्यावर दिसते ते पाणी नसून आकाशाचा तुकडा असतो. समोरून येणाऱ्या ट्रकची उलटी प्रतिमाही त्यात दिसते, म्हणून पाण्याची समजूत आणखी पक्की होते. शालेय आकृत्यांत येथे एकाच रेषेवर किरण आपटून परत फिरतो असे काढलेले असते. प्रत्यक्षात अशी रेषा नसते, किरणाची वाट सलग वक्र असते.

ते पाणी पुढे का सरकते, याचे उत्तर मात्र क्वचित दिले जाते, आणि मला तोच भाग अधिक रंजक वाटतो. हवेचा अपवर्तनांक एकपेक्षा जेमतेम ०.०००३ एवढाच जास्त असतो. रस्त्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा २५-३० अंश सेल्सिअसने जास्त तापली, तर या जादा भागाचा दहावा हिस्सा कमी होतो. एवढ्याशा फरकाने किरण वळायचा, तर तो रस्त्याला जवळजवळ समांतरच यायला हवा; सुमारे अर्ध्या अंशापेक्षा मोठ्या कोनाने आलेला किरण वळत नाही, तो सरळ डांबरावर आदळतो. आता मोटारीत बसलेल्या माणसाचा डोळा रस्त्यापासून साधारण सव्वा मीटर उंच असतो. तेथून अर्ध्या अंशाहून लहान कोन करणारा रस्ता दीड-दोनशे मीटर पुढेच सुरू होतो. आपण पुढे जाता तसे ते अंतरही आपल्याबरोबर पुढे जाते, कारण ते रस्त्यावरच्या एखाद्या जागेने ठरलेले नसून आपल्या डोळ्याच्या उंचीने ठरलेले आहे. पडताळा हवा असेल, तर उंच बसच्या पुढच्या आसनावर बसून पाहावे. तेथून पाणी बरेच लांब सुरू होते आणि दुचाकीवर वाकून पाहिले तर ते जवळ येते.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारात आंब्याचे मोठे झाड आहे. पानांमधल्या फटी कशाही वेड्यावाकड्या असतात, पण खाली पडणारे उन्हाचे कवडसे गोल का असतात? (आठवीतील एक विद्यार्थिनी, औंध)

उत्तर : हा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण हे कवडसे रोज तुडवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचा आकार खटकतो. कवडसा गोल असतो, कारण सूर्य गोल आहे. जमिनीवर पडतो तो फटीचा आकार नसून सूर्याचे चित्र असते.

ते कसे, हे पाहू. सूर्य आकाशात बिंदूएवढा असता, तर प्रत्येक फटीतून एकच किरणशलाका आली असती आणि जमिनीवर फटीचाच हुबेहूब आकार उमटला असता. पण सूर्याला रुंदी आहे. त्याच्या वरच्या कडेकडून येणारा किरण फटीतून जाऊन जमिनीवर एका ठिकाणी पडतो, खालच्या कडेकडून येणारा दुसऱ्या ठिकाणी, डाव्या-उजव्या कडांचे आणखी वेगळ्या ठिकाणी. फट पुरेशी लहान असेल, तर हे सगळे ठिपके मिळून सूर्याची उलटी प्रतिमा तयार होते. सूर्यबिंब आपल्या डोळ्याशी साधारण अर्ध्या अंशाचा कोन करते, म्हणून ही प्रतिमा फटीपासूनच्या अंतराच्या सुमारे १०८ व्या भागाएवढी असते. फांदी उन्हाच्या वाटेने चार मीटर दूर असेल, तर कवडसा साडेतीन-पावणेचार सेंटिमीटरांचा. दुपारी ऊन जवळजवळ सरळ पडते तेव्हा तो वर्तुळ असतो, आणि संध्याकाळी तोच लांबट होतो. फट प्रतिमेपेक्षा मोठी असली, की मात्र गोलपणा हरवतो आणि फटीचा स्वतःचा आकार दिसू लागतो.

हे तुला वर्गातही करून पाहता येईल. जुन्या पोस्टकार्डाला पाच मिलिमीटर बाजूचे त्रिकोणी भोक पाड. कार्ड उन्हात धरून त्याची सावली आधी पाच सेंटिमीटरांवर धरलेल्या पांढऱ्या कागदावर घे. उजेडाचा ठिपका त्रिकोणीच असेल. मग कागद हळूहळू दूर ने. अर्ध्या मीटरच्या आसपास त्रिकोणाचे कोपरे विरघळू लागतात आणि तीन मीटरवर अडीच-तीन सेंटिमीटरांचा गोल कवडसा उरतो. भोक तेच, कार्ड तेच, बदलले फक्त अंतर. तो कवडसा अंधुक असतो, म्हणून कागदाच्या बाजूला सावली हवी.

सूर्यग्रहणात याचा पडताळा फार सुंदर मिळतो. १५ जानेवारी २०१० चे कंकणाकृती सूर्यग्रहण पुण्यातून खंडग्रास दिसले होते. अशा वेळी झाडाखालचा प्रत्येक कवडसा कोरीच्या आकाराचा होतो, आणि कोरीची दिशा आकाशातल्या कोरीच्या उलट असते. ग्रहण पाहण्याची ही सर्वांत सुरक्षित रीत आहे, कारण तिच्यात सूर्याकडे पाठ करून उभे राहायचे असते. जुन्या वाड्यांतल्या अंधाऱ्या खोलीत दाराच्या भोकातून समोरच्या भिंतीवर रस्त्यावरची माणसे डोके खाली करून चालताना दिसत, तोही हाच प्रकार. अकराव्या शतकात इब्न अल्-हैथम या विद्वानाने अशा अंधाऱ्या खोलीत प्रकाशाच्या सरळ रेषेतल्या प्रवासाचा पद्धतशीर अभ्यास केला होता.

प्रश्न : लक्ष्मी रस्त्यावरच्या मॅचिंग सेंटरमध्ये साडी नेऊन, तिच्याशी ताडून ब्लाउजपीस घेतले. दुकानात दोन्हींचा रंग तंतोतंत जुळत होता. लग्नाच्या दिवशी मांडवात उन्हात पाहिले तर साडी वांगी रंगाची आणि ब्लाउज तपकिरीकडे झुकलेले. कापड बदलले की माझे डोळे बिघडले? (एक गृहिणी, नारायण पेठ)

उत्तर : दोन्ही नाही. त्यात दुकानदाराचाही दोष नाही, दोष दिव्याचा. रंग हा कापडाचा पक्का गुण आहे असे आपण मानतो, पण कापड स्वतः काही रंग निर्माण करीत नाही. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग ते शोषते आणि उरलेला परत पाठवते. दिव्यात जो भाग मुळातच नाही, तो कापड कोठून परत पाठवणार?

उन्हात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा वर्णपट सलग असतो. दुकानातला पांढरा एलईडी दिवा पांढरा दिसतो खरा, पण त्याची घडण निराळी आहे. आतली निळी एलईडी सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश देते आणि तिच्यावरचा पिवळसर लेप त्यातला काही निळा प्रकाश गिळून हिरवा, पिवळा आणि थोडा तांबडा प्रकाश बाहेर टाकतो. (ही निळी एलईडी साधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) निळा आणि पिवळा यांची बेरीज डोळ्याला पांढरी वाटते, पण स्वस्त दिव्यांत निळ्या-हिरव्याच्या मधला पट्टा आणि गडद तांबडा भाग फार दुबळा असतो. वांगी, मरून आणि लालसर जांभळ्या छटा नेमक्या त्या तांबड्यावर जगतात.

आता दोन कापडे एका दिव्यात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी का, ते पाहू. आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या आहेत. त्या प्रत्येक तरंगलांबीची स्वतंत्र नोंद ठेवत नाहीत, तर आपापल्या पट्ट्यात एकूण किती प्रकाश आला तेवढेच मेंदूला कळवतात. त्यामुळे दोन कापडांवरून येणारे प्रकाश घडणीने पूर्णपणे भिन्न असूनही तीनही प्रकारच्या पेशींचे आकडे जुळले, तर मेंदूला रंग एकच दिसतो. आपली साडी रेशमी असेल आणि ब्लाउजपीस दुसऱ्या धाग्याचे, तर त्यांचे रंग वेगवेगळ्या जातींच्या रसायनांनी दिलेले असणार. दुकानाच्या दिव्याखाली त्यांचे आकडे योगायोगाने जुळले. उन्हात तांबड्याचा वाटा वाढला, एका कापडाने तो परत पाठवला, दुसऱ्याने गिळला, आणि जुळणी मोडली. कापड रंगवणारे कारखाने यासाठीच नमुने निदान दोन-तीन प्रकारच्या दिव्यांखाली तपासतात.

पांढऱ्या आणि मोतिया कापडांत याची आणखी एक तऱ्हा आढळते. त्यांना चमक आणण्यासाठी घातलेले द्रव्य उन्हातला अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश देते. एलईडीत अतिनील जवळजवळ नसतोच, म्हणून दुकानात मऊ मोतिया वाटलेले कापड बाहेर निळसर पांढरे होते. पैठणीचा पदर हलवताना रंग बदलतो तो मात्र याहून वेगळा प्रकार. तेथे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, आणि ज्या कोनातून पाहावे त्याप्रमाणे एकाचे किंवा दुसऱ्याचे तेज वरचढ ठरते.

उपाय जुनाच आहे. ताका आणि साडी दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर, उजेडात यावे. पूर्वीचे विक्रेते न सांगता पायरीवर येत असत. हल्ली सांगावे लागते, इतकेच. समारंभ रात्री असेल, तर घरातल्या दिव्याखालीही एकदा पाहून घ्यावे, कारण उन्हात जुळलेले दिव्याखाली मोडू शकते.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी खालच्या धुक्यात पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसले आणि त्याच्या मधोमध माझी सावली होती. शेजारी उभ्या असलेल्या मित्राचे म्हणणे, सावली त्याची होती. वाद कसा मिटवावा? (एक गिर्यारोहक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : दोघेही बरोबर आहात. ते इंद्रधनुष्य नव्हते, आपल्या गिर्यारोहकांत ज्याला इंद्रवज्र म्हणतात ते होते. त्याचे केंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याच्या सावलीपाशी असते. आपल्या डोळ्यांकडे परतणारा प्रकाश एका थेंबांकडून येतो आणि मित्राच्या डोळ्यांकडे परतणारा दुसऱ्या थेंबांकडून. म्हणून प्रत्येकाला आपल्याच डोक्याभोवती वलय दिसते आणि शेजाऱ्याच्या डोक्याभोवती दिसत नाही. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे पाठीमागे सूर्य आणि समोर खाली धुके हा योग सकाळीच जुळतो.

इंद्रधनुष्य आणि इंद्रवज्र यांत फरक आकाराचा आहे आणि कारणाचाही. पावसाचे थेंब मिलिमीटरच्या मापाचे असतात. त्यांच्यात शिरून, आत एकदा परावर्तित होऊन बाहेर पडणारा तांबडा प्रकाश सूर्याच्या विरुद्ध बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर एकवटतो आणि जांभळा सुमारे ४० अंशांवर. हे गणित फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती देकार्तने १६३७ मध्ये मांडले. धुक्याचे थेंब त्याच्या शंभरपट बारीक असतात. त्यांच्याबाबतीत किरणांची साधी भूमिती पुरी पडत नाही, प्रकाशाचे तरंगरूप हिशेबात घ्यावे लागते, आणि वलय काही अंशांचेच असते. मोबाइलच्या छायाचित्रात ते अख्खे मावले असेल. इंद्रधनुष्याचे पूर्ण वर्तुळ ८४ अंश रुंद असते, ते साध्या भिंगात मावत नाही.

याच आकड्यावरून पुणेकरांसाठी एक गोष्ट निघते. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असेल, तर सपाट जमिनीवर उभे राहून आकाशात इंद्रधनुष्य दिसू शकत नाही, कारण सगळे वर्तुळ क्षितिजाखाली जाते. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे सूर्य सर्वांत कलता असतानाही, मध्यान्ही तो ४८ अंशांवर असतो. तेव्हा येथे वर्षातल्या कोणत्याही दिवशी ऐन मध्यान्ही आकाशात इंद्रधनुष्य शोधण्यात अर्थ नाही. सप्टेंबरच्या मध्यावर तर साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन हा सगळा काळ बाद होतो. चार-पाचच्या सुमारास सर येऊन गेली आणि पश्चिमेला ऊन पडले, की पूर्वेकडे पाहावे.

प्रश्न : खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या जाळीच्या आहेत. आरशाला भोके असतील, तर प्रकाश त्यांतून निघून जाणार नाही का? (एक वाचक, नारायणगाव)

उत्तर : दिसणारा प्रकाश निघूनच जातो, तबकडीतून पलीकडचे आकाश दिसते ते त्यामुळेच. पण ती दुर्बीण दिसणाऱ्या प्रकाशासाठी नाही. रेडिओलहरी हा प्रकाशाचाच लांब तरंगांचा भाऊबंद आहे. निर्वात पोकळीत दोघांचाही वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर, फरक तरंगलांबीचा. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी असते, तर खोडदची दुर्बीण ज्या लहरी टिपते त्या साधारण २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंतच्या. जाळीची घरे १० ते २० मिलिमीटरांची आहेत. लहर धातूच्या तारांवर येते तेव्हा तारांत विद्युतप्रवाह उठतो आणि त्या प्रवाहातून नवी लहर परत फेकली जाते. घर तरंगलांबीच्या मानाने खूपच लहान असेल, तर लहरीच्या लेखी ते भोक नसतेच, पत्रा काय आणि जाळी काय, सारखेच. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्या दारावर बारीक भोकांचा धातूचा पडदा असतो, तो याच तत्त्वावर. आतली १२ सेंटिमीटरची लहर अडते आणि भाजी मात्र बाहेरून दिसते.

आरसा किती गुळगुळीत हवा, हेही तरंगलांबीच ठरवते. आपल्याच जिल्ह्यात गिरवलीला आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. ती दिसणारा प्रकाश टिपते, म्हणून तिच्या काचेचा उंचसखलपणा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी ठेवावा लागतो. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या हव्या होत्या. एवढा पत्रा उभा केला असता, तर वाऱ्याचा दाब पेलण्यासाठीच अवाढव्य सांगाडा लागला असता. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरांच्या आधाराने पातळ पोलादी तारांची जाळी ताणून तबकडी घडवली. वारा आरपार जातो आणि खर्चही आवाक्यात राहतो. माझ्या मते आपल्या देशातल्या अभियांत्रिकीचा हा फार देखणा नमुना आहे.

आपण विचारलेले नाही, पण तीस तबकड्या कशाला, हेही सांगायला हवे. कोणतीही दुर्बीण किती बारीक तपशील पाहू शकेल, हे तरंगलांबीला तिच्या रुंदीने भागून कळते. २१ सेंटिमीटरच्या लहरीसाठी ४५ मीटरची एकटी तबकडी साधारण सोळा कलांपेक्षा बारीक काही वेगळे ओळखू शकत नाही. म्हणजे चंद्राचे अर्धे बिंब. माणसाचा उघडा डोळा, बाहुली जेमतेम तीन मिलिमीटरची असूनही, एका कलेपर्यंत पाहतो, कारण त्याची तरंगलांबी सूक्ष्म आहे. एवढी प्रचंड तबकडी या बाबतीत डोळ्यापेक्षा सोळापट अधू! म्हणून सुमारे २५ किलोमीटरांच्या पसाऱ्यात विखुरलेल्या तबकड्यांचे संकेत एकत्र आणतात. मग दुर्बिणीची रुंदी जणू २५ किलोमीटर होते आणि दृष्टी दोन विकलांपर्यंत, म्हणजे एका कलेच्या तिसाव्या भागापर्यंत, पोहोचते. हे संकेत केंद्राकडे येतात तेही प्रकाशाच्याच रूपाने, काचेच्या तंतूंमधून. काचेत प्रकाश पोकळीतल्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने जातो, त्यामुळे दर किलोमीटरला जवळजवळ पाच मायक्रोसेकंद लागतात. जवळच्या आणि दूरच्या तबकड्यांच्या वेळांतला हा फरक काटेकोर दुरुस्त केल्याशिवाय संकेत एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

प्रश्न : आरशात डावे-उजवे उलटते, मग वर-खाली का उलटत नाही? (एक विद्यार्थी, भोर)

उत्तर : आरसा डावे-उजवेही उलटवत नाही. उत्तरेच्या भिंतीवरच्या आरशासमोर उभा राहा आणि पूर्वेकडचा हात वर कर. आरशातलाही पूर्वेकडचाच हात वर जाईल. डोके वर, पाय खाली, पूर्व पूर्वेला. उलटते ते फक्त मागे-पुढे: तुझे तोंड उत्तरेला आणि प्रतिमेचे दक्षिणेला. ती प्रतिमा म्हणजे कोणी माणूस वळून आपल्यासमोर उभा आहे, असे आपण मनात धरतो आणि वळलेल्या माणसाचा डावा हात जिथे असता, तिथे तिचा उजवा दिसतो म्हणून गोंधळतो. रुग्णवाहिकेच्या पुढच्या बाजूवर उलटी अक्षरे रंगवतात, तीही पुढच्या चालकाला आपल्या आरशात सरळ वाचता यावीत म्हणून.